सभागृहाची दुसरी किल्ली

४ मार्च

सुतारकाका, नमस्कार.

बाबा गेल्याचं तुमच्या लेकीने, आमच्या ताईने, तुम्हाला सांगितलं असेलच. आज आठ दिवस झाले. त्या दिवशी सभागृह बंद करून घरी आले, बूट काढले, "मी पंखा बंद केला का गं?" असं आईला विचारलं आणि पुन्हा बूट घालून बघायला गेले. परत आले ते आडवेच झाले. दोन दिवस दवाखान्यात होते, तिसऱ्या दिवशी संपलं. फार त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणतात. ते बहुतेक सगळ्यांनाच असं सांगत असतील.

वस्तीने ३० तारखेला, रविवारी, सभागृहातच स्मरणसभा ठेवली आहे. एक छोटी पुस्तिकाही काढायचीय. प्रत्येकाने अर्धं पान लिहायचं आणि ते मी गोळा करायचं. मला वाटलं होतं, लोक 'प्रेमळ पिता, आदर्श शेजारी' असलं छापील काहीतरी देतील. प्रत्यक्षात सगळे किल्लीवर घसरलेत. न्हाव्याने लिहिलंय, वाचनालयाच्या बाईंनी लिहिलंय, औषधवाल्याने तर पाऊण पान भरून लिहिलंय. ज्या माणसाने चौतीस वर्षं सभागृह सांभाळलं, ज्याच्या हातून टाचणी हरवली नाही, त्याच्या हातून सभागृहाची किल्ली तीनदा हरवली, आणि तीही ऐन कार्यक्रमाच्या दिवशी. लोक दारात ताटकळलेले, बाबा खिसे उलटे करून दाखवताहेत, आणि शेवटी कार्यक्रम पुढच्या आठवड्यावर. पुस्तिकेचं किल्लीपुराण होणार असं दिसतंय. पण लिहिलंय सगळ्यांनी मायेने, त्यामुळे मला रागावताही येत नाही.

बाकीचंही लिहिलंय म्हणा. गुडघेदुखीवाल्यांना ते कडेची खुर्ची ठेवायचे. एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांच्या मधे बरोबर खांब येईल अशी मांडणी करायचे. माणसं येतील तेवढ्याच खुर्च्या मांडायचे, एक कमी नाही, एक जास्त नाही. यादी शंभराची असली आणि बाबांनी ब्याण्णव मांडल्या, तर आठ जणांना त्या दिवशी नेमका ताप यायचा नाहीतर पाहुणे यायचे. म्हणून तर सगळे त्यांना खुर्चीमास्तर म्हणायचे.

एक गंमत सांगते. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर बिस्किटांचा रिकामा डबा होता. उघडला तर आत तीन किल्ल्या, तिन्ही एकसारख्या, तिन्ही सभागृहाच्या. आईला विचारलं तर ती म्हणाली, "ठेव जागेवर."

काका, त्या दोनशे चाळीस खुर्च्या तुमच्या हातच्या आहेत. बाबांना तुमच्याहून जवळचं कुणी नव्हतं. तुम्ही लिहाच, आणि याच. सहा वर्षांत का आला नाहीत ते मी विचारणार नाही.

तुमची पिटुकली
(वय वर्षं बेचाळीस)


१० मार्च

पिटुकलीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाईट झालं. वहिनींना सांग, जपून राहा म्हणावं.

गुडघे साफ गेलेत. इथे लेकीकडे चौथा मजला आहे, उतरलो तर चढायची पंचाईत. तेव्हा माझं येणं काही जमेल असं दिसत नाही. पुस्तिकेसाठी चार ओळी देतो. हव्या तर छाप.

"खुर्च्या मी केल्या, त्याने मांडल्या. घडीची खुर्ची उघडताना तो दोन्ही हात लावायचा, एका हाताने झटकून कधी उघडली नाही. त्यामुळे माझ्या कामाच्या बिजागऱ्या चौतीस वर्षं टिकल्या. कामात चोख माणूस होता."

एवढं पुरे.

सुतारकाका


१४ मार्च

काका, नमस्कार.

तुमच्या चार ओळी वाचून आई म्हणाली, "भाऊजी बिजागरीबद्दल लिहितायत की माणसाबद्दल?" मी म्हटलं, सुताराचं प्रेम बिजागरीतच दिसणार.

काल सभागृहाचं मोठं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला वरपासून खालपर्यंत बाबांची पेन्सिल आहे. चौतीस वर्षांचे कार्यक्रम, एकेका ओळीत: तारीख, यादी किती, आणि पुढे त्यांचा आकडा. म्हणजे ते नुसते अंदाजाने खुर्च्या मांडत नव्हते, आधी लिहून ठेवायचे. कुठे यादी ऐंशी, आकडा एकोणऐंशी. कुठे यादी साठ, आकडा बासष्ट. मी स्टूल घेऊन वाचत बसले तर चहा गार झाला.

काही ओळींत आकड्यापुढे फुली आहे. मोजून चार-पाच ठिकाणी. त्यातली एक ताईच्या लग्नाची. यादी दोनशे दहा, आणि पुढे इतकी खाडाखोड की कागद असता तर फाटला असता. २१०, मग खोडून २०९, पुन्हा २१०, पुन्हा २०९. अशी अकरा वेळा. शेवटी २०९ आणि फुली.

आणि सगळ्यात खालची ओळ मी तीनदा वाचली. "३० मार्च. ८७." पुढे फुली. काका, स्मरणसभेची तारीख कमिटीने बाबा गेल्यावर चार दिवसांनी ठरवली. बाबांनी ती कधी लिहिली? पंखा बघायला गेले तेव्हा?

यादी माझ्याकडेच आहे. तुम्हाला धरून अठ्ठ्याऐंशी नावं होतात. तुम्ही आला नाहीत की बरोबर सत्त्याऐंशी. म्हणजे तुम्ही येणार नाही हे बाबांना आधीच माहीत होतं म्हणायचं. त्यांना खोटं पाडायला तरी या.

पिटुकली


१८ मार्च

पिटुकले,

ही खाडाखोड कशाची ते तुला माहीत नसेल, तर मी सांगतो. सहा वर्षं कुणाला बोललो नाही.

माझ्या लेकीच्या लग्नाच्या दिवशी पुढच्या रांगेत कडेची खुर्ची तुझ्या काकूची होती. सकाळी मी व्यासपीठाची फळी ठोकत होतो. तुझ्या बापाने ती खुर्ची मांडली. मग उचलली. परत मांडली. परत उचलली. मी ओरडलो, "अरे, नवरीच्या आईला उभी ठेवतोस का?" तो काही बोलला नाही. चेहरा पांढराफटक. मी गडबडीत होतो, लक्ष दिलं नाही. पाहुणे बसले तेव्हा त्या जागी खुर्ची नव्हती. दात पडल्यासारखी फट होती. मी स्वतः मागून एक आणून ठेवली, तेवढ्यात निरोप आला की ही चष्मा आणायला घरी गेली होती ती जिन्यात पडली. घरी पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याला माहीत होतं, पिटुकले. तुझ्या बापाला माहीत होतं, आणि तो मला एक शब्द बोलला नाही. नुसती खुर्ची उचलून ठेवली. वस्तीत कुणाच्या घरी पाणी नाही आलं तर हा बादल्या घेऊन धावणारा, आणि माझ्या घरावर एवढं येतंय तर तोंडाला कुलूप. नंतर माझ्याकडे आला, दोन तास समोर बसला, तेव्हाही गप्प. मी दार दाखवलं. पुढच्या महिन्यात वस्ती सोडली.

पण आता मी येतो. जावयाने तिकीट काढलंय, शनिवारी निघून रविवारी सकाळी पोहोचेन. भाषण करणार नाही. त्याच्या फोटोपुढे उभा राहून एकच विचारायचंय, का नाही बोललास.

सुतारकाका


२१ मार्च

काका, येऊ नका.

तिकीट परत करा. कारण विचारू नका. पाया पडते.

पिटुकली


२४ मार्च

चिरंजीव पिटुकली हिस,

पत्र वाचलं. समजायचं ते समजलो.

भरसभेत हा म्हातारा काहीतरी बरळेल आणि बापाच्या नावाला बट्टा लागेल, हीच भीती ना? तुला अंगाखांद्यावर खेळवलं, तुझ्या बाहुलीला पलंग करून दिला, आणि माझी एवढीच ओळख पटली तुला. बरं. पुस्तिका छान होऊ दे. किल्लीच्या गमती छापा, लोकांना हसायला मिळेल. माझ्या चार ओळी काढून टाक.

तिकीट मात्र परत केलेलं नाही. ते माझ्याजवळ आहे.

सुतारकाका


२५ मार्च

काका,

हे पत्र जलद टपालाने पाठवतेय. रागावा, पण पुरतं वाचा.

तुमचं 'येतो' हे पत्र आलं आणि मी आईला फुलीचा अर्थ विचारला. तिने आधी उडवून लावलं. मग म्हणाली, "आकडा कमी आला की कुणाला ताप, कुणाचा रुसवा, त्याचं काही नसायचं. पण फुली आली की ते जेवायचे नाहीत. येणारा माणूस येणार नाही, आणि मग कुठेच दिसणार नाही, अशी ती फुली." आकडा त्यांना झाडू मारताना सुचायचा म्हणे. फुली ते काढत नसत, हातच काढायचा.

मी कपाटाशी जाऊन पुन्हा बघितलं. फुल्या पाच. पहिल्या तीन कुठल्या? शाळेचा बक्षीससमारंभ, यादी एकशे चाळीस, आकडा एकशे तेहतीस. मग डॉक्टरांचा निरोपसमारंभ. मग नाटकाची रंगीत तालीम, तिथे तर आकडा एकदम अठराने कमी. आणि काका, याच तीन दिवशी किल्ली हरवली होती. पुस्तिकेसाठी आलेल्या कागदांवर तारखा आहेत, मी एकेक ताडून पाहिली.

किल्ल्या हरवल्या नव्हत्या. आमच्या बिस्किटांच्या डब्यात होत्या. सभागृह उघडलंच नाही, म्हणून त्या दिवशी काही झालं नाही. आणि काही झालं नाही म्हणून कुणाला काही कळलंही नाही. वस्ती इतकी वर्षं हसत राहिली. बाबाही त्यांच्याबरोबर हसायचे. आई म्हणते, त्यांना स्वतःलाही कधी खात्री नव्हती. घरी येऊन विचारायचे, "मी वेडा तर नाही ना गं?"

पाचवी फुली ३० तारखेची. यादीत अठ्ठ्याऐंशी, आकडा सत्त्याऐंशी. नुसते आला नसतात तर फुली कशाला पडली असती? आता कळलं, का येऊ नका म्हटलं?

आणि आता जे सांगायचंय ते सांगायला मला सहा वर्षं लागली. ताईच्या लग्नाच्या दिवशी बाबांनी मला सकाळी बाजूला घेतलं. म्हणाले, "आज काकूचा पदर सोडू नकोस. कुठेही गेली तरी बरोबर जा." का, ते सांगितलं नाही. मी हो म्हटलं. काकू चष्मा आणायला निघाल्या तेव्हा मी म्हटलं, "मी आणू का?" त्या म्हणाल्या, "तुला नाही सापडायचा." आणि मला शाळेतली मैत्रीण भेटली होती. आम्ही बोलत बसलो. काकू एकट्या गेल्या.

तुमच्याकडून परत आले त्या दिवशी बाबा मला म्हणाले, "हे त्याला सांगायचं नाही. त्याला कुणावर तरी रागवायचंय. माझ्यावर रागवू दे. तू लहान आहेस." मी छत्तीस वर्षांची होते, काका.

तुम्ही त्यांच्या फोटोला विचारणार होता ना, का बोलला नाहीस? त्याचं उत्तर मी आहे. त्यांना किल्ली हरवता आली असती तर त्यांनी हरवली असती. तेवढी एकदाच का हरवली नाही, हे मात्र मला कळत नाही.

पिटुकली


२७ मार्च

पिटुकले,

ते मला माहीत आहे.

सभागृहाला किल्ल्या दोन. एक त्याच्याकडे, आणि तिसऱ्यांदा हरवल्यावर कमिटीने करून घेतलेली दुसरी माझ्याकडे. डागडुजीला कधीही जावं लागायचं म्हणून. लग्नाच्या दिवशी उजाडता उजाडता तो माझ्या दारात आला आणि म्हणाला, "तुझी किल्ली दे." मी म्हटलं, "तुझी कुठाय?" तर म्हणाला, "हरवली." मी हसलो. म्हटलं, "गड्या, आज नाही हं. आज माझ्या लेकीचं लग्न आहे, आज तुझी ती खोड चालायची नाही. मीच उघडतो." तो म्हणाला, "लग्न आठ दिवस पुढे ढकल." मी त्याला वेड्यात काढलं. माझ्याच हाताने सभागृह उघडलं, तिथेच फळी ठोकत बसलो, आणि वर त्यालाच ओरडलो.

तुला जे लिहिलं त्यात एवढं गाळलं होतं. तुझ्यापासून लपवलं असं नाही, स्वतःलाही सांगत नव्हतो. सगळं त्याच्या माथी मारलं की आपलं डोकं हलकं राहतं. मीही सहा वर्षं तेच केलं आणि हलकं काही झालं नाही.

तू काकूबरोबर गेली असतीस तर काय झालं असतं, कुणाला ठाऊक. जिना तोच होता, पायऱ्या त्याच होत्या. तू तुला बोल लावू नकोस. मी लावत नाही, आणि तुझ्या काकूने तर कधीच लावला नसता. मैत्रीण भेटली की तीही जगाला विसरायची.

आता ऐक. मी येणार आहे. म्हातारपणी माणूस फुलीला घाबरून घरात बसला तर तो जगला काय आणि नाही काय. पण सुतार आहे, तेव्हा जरा डोकं चालवलंय. तुझा बाप मोजायचा त्या सभागृहाच्या खुर्च्या. दोनशे चाळीसातल्या. काल गॅलरीत बसून मी एक नवी केली. पाय अजून घासायचेत. ही खुर्ची सभागृहाची नाही, माझी आहे. तू सत्त्याऐंशी मांड, एकही वाढवू नकोस. अठ्ठ्याऐंशीवा माणूस आपली खुर्ची घेऊन येईल.

जावई म्हणतो, बाबा, बसमध्ये खुर्ची घेऊन कुणी चढतं का. म्हटलं, मी चढतो.

सुतारकाका


५ एप्रिल

काका, नमस्कार.

सुखरूप पोहोचल्याचा ताईचा फोन आला, मग मी एक अख्खा दिवस झोपले.

रविवारचं अजून डोळ्यांपुढून जात नाही. तुमची बस दोन तास उशीर. तुम्ही आल्यावर कळलं की टायर फुटला होता, सगळे प्रवासी उन्हात उभे आणि तुम्ही रस्त्याच्या कडेला आपल्या खुर्चीवर बसलेले. पण त्या दोन तासांत मी सभागृहाच्या दारात किती मेले ते मलाच माहीत. तुम्ही खुर्ची डोक्यावर धरून गल्लीच्या तोंडाशी दिसलात तेव्हा औषधवाला म्हणाला, "सुतार अजून माल पोचवतोय वाटतं." मला हसू आणि रडू एकदमच आलं.

सत्त्याऐंशी खुर्च्या, सत्त्याऐंशी माणसं. एकही रिकामी नाही, एकही माणूस उभं नाही. आणि पुढच्या रांगेच्या कडेला तुम्ही, तुमच्या स्वतःच्या खुर्चीवर. तुम्ही फोटोला काही विचारलं नाहीत, ते मी पाहिलं. नुसते त्याच्याकडे तोंड करून बसलात. घरी आल्यावर आईने दोन घास जास्तच खाल्ले आणि म्हणाली, "आज तेही जेवले असते."

तुमच्या युक्तीने फुली चुकली, की बाबांना तुम्ही खुर्ची घेऊन येणार हेही दिसलं होतं? फुली तेवढी हात चुकून पडली? मी यावर विचार करणं सोडलं होतं, पण आता सोडून चालणार नाही.

नवा माणूस मिळेपर्यंत सभागृह मी बघावं असं कमिटीने ठरवलं. माझं चष्म्याचं दुकान सहाला बंद होतं, त्यानंतर जाते. परवा झाडू मारत होते. २० एप्रिलला गाण्याच्या वर्गाचा कार्यक्रम आहे, सगळी मुलं आणि त्यांचे आईबाप. यादी एकशे साठ. मी खांबापर्यंत झाडत आले आणि आकडा आला. कुणी कानात सांगितल्यासारखा नाही, आपला फोन नंबर आठवावा तसा आला. एकशे एकवीस.

मी स्वतःला समजावलं की डोक्यावर परिणाम झालाय. कपाट उघडलं, पेन्सिल घेतली, तारीख लिहिली, यादी लिहिली. आकडा मुद्दाम एकशे साठ लिहिला. मग खोडला. पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. शेवटी एकशे एकवीस लिहिल्यावर हात थांबला. आणि मग काका, मी नको म्हणत असताना हाताने फुली काढली.

एकोणचाळीस खुर्च्या तुमच्या गॅलरीत होणार नाहीत. कमिटीला काही सांगावं तर काय सांगू? बाबांनी तरी कुणाला सांगितलं होतं?

काल कमिटीची बैठक होती. मी उभी राहिले आणि म्हटलं की सभागृहाची किल्ली माझ्याकडून हरवली. सगळे एवढे हसले की अध्यक्षांना डोळे पुसावे लागले. "बापावर गेली," म्हणाले. मी पर्स उलटी करून दाखवली.

घरी आले तर आईने काही न विचारता बिस्किटांचा डबा खाली काढून ठेवला होता.

पण मग औषधवाल्याला आठवलं की दुसरी किल्ली तुमच्याकडे असायची. कमिटी तुम्हाला लिहिणार आहे. कार्यक्रम वेळेवर व्हावा म्हणून तातडीने पाठवा, असं काहीतरी. २० तारीख गेली आणि काहीच झालं नाही, तर मला कधीच कळणार नाही की मी शहाणी की वेडी. काय करू?

पिटुकली


९ एप्रिल

पिटुकले, आशीर्वाद.

कमिटीचं पत्र कालच आलं. आजच उत्तर धाडलं. त्याची नक्कल तुला पाठवतो:

"महाशय, दुसरी किल्ली माझ्याकडे होती खरी. वस्ती सोडताना सामानात कुठेतरी गेली. सगळं घर पालथं घातलं, सापडत नाही. वय झालं. क्षमा असावी."

२० तारखेला काही होणार नाही. तुला आयुष्यभर हसतील. हसू दे. त्यांना हसू येतंय म्हणजे ते आहेत.

तुझ्या बापाला हे मी त्या सकाळी द्यायला हवं होतं. त्याला नाही दिलं, तुला देतोय. सोबतच्या पुडीत काय आहे ते उघडून बघू नकोस. तशीच डब्यात टाक.

सुतारकाका